निबंधातली आई

दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. अवजारं उकळायची, लाळ ओढणारी नळी धरायची, ही तिची कामं. हात इतका हलका की घाबरट माणसंही तिच्याकडे बघत निमूट तोंड उघडत. पुढे नर्स व्हावं असं तिच्या मनात होतं. प्रवेशपरीक्षेतलं बाकी सगळं जमण्यासारखं होतं. घोडं अडलं होतं ते इंग्रजी निबंधापाशी.

शिकवणीला ती एकदाच गेली. उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं, तर तोंडातून शब्द फुटेना. मागे कुणीतरी फिसकन हसलं. ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. “माझी मी करीन,” असं आईला सांगून तिने एक गाईड आणलं.

आधी स्वतःच लिहून पाहिलं. ‘माझी आई लॉन्ड्रीत काम करते’ एवढं इंग्रजीत उतरलं आणि पुढे गाडी हलेना. गाईडमधली वाक्यं मात्र पाण्यासारखी वाहत होती. आपलं वाक्य त्यांच्याशेजारी ठेवलं की तिला लाज वाटे. वाक्याची आणि थोडी लॉन्ड्रीचीही. शेवटी ‘माझी आवडती व्यक्ती’ हा निबंध तिने सरळ पाठच करायला घेतला. त्यातली आई शिक्षिका होती आणि लेकरू लहान असतानाच तापाने गेली होती.

चिमणीची आई हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कान तिखट. सकाळी कामावर जाण्याआधी ती लेकीकडून निबंध म्हणवून घ्यायची आणि कुठे अडखळली ते बरोबर सांगायची. एके दिवशी म्हणाली, “सारखं मदर मदर येतंय. माझ्यावर आहे होय गं?”

चिमणीने हो म्हणून मान हलवली. आई ओट्याकडे वळली आणि धुतलेल्याच कपबश्या पुन्हा विसळत बसली. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या लॉन्ड्रीला कळली होती.

परीक्षेत नेमका तोच विषय आला. चिमणीने पाठ केलेला निबंध न थांबता लिहिला आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबतीला आई रजा टाकून आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली. मुलाखत घेणाऱ्या मोठ्या बाईंनी निबंध वाचलेला होता. आई असती तर आज किती सुखावली असती, असं त्या मनापासून म्हणाल्या. चिमणी “हो” म्हणाली. बाई तिला पोचवायला दारापर्यंत आल्या. आई लगबगीने उठून उभी राहिली.

“या कोण?” बाईंनी विचारलं.

“मावशी,” चिमणी म्हणाली.

आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग बाईंना म्हणाली, “हो, मावशी मी तिची.”

“तुम्हीच वाढवलंत वाटतं हिला?”

“वाढवलं.”

दोघी जिना उतरल्या. बसथांब्यावर आल्यावर आईने विचारलं, “कशाने गेले मी?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं चिमणीला झालं. “तापाने.”

“आणि कोण होते?”

“शिक्षिका.”

“म्हणजे वाचता येत होतं मला,” आई म्हणाली. बस आली, तशी ती आधी चढली.

घरी ती रागावली नाही, आणि तेच चिमणीला सोसेना. निबंध कसा झाला असं लॉन्ड्रीतल्या बायकांनी विचारलं, तेव्हा आईने छान झाला असंच सांगितलं. यादी लागली, त्यात चिमणीचं नाव वर होतं. आई म्हणाली, “जा, प्रवेश घे. झालं गेलं.” पण चिमणी बाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं, मावशीसकट.

बाईंनी यादीतलं तिचं नाव खोडलं. “पुढच्या वर्षी बस,” त्या म्हणाल्या, “आणि येईल तसं, पण स्वतःचं लिही.”

ते वर्ष चिमणीने मोडकीतोडकी वाक्यं लिहिण्यात घालवलं. दवाखान्यावर, बसवर, जे दिसेल त्यावर. इस्त्रीच्या कामाबद्दल आईला विचारलं, तर पहिल्यांदा ती तुटकपणे म्हणाली, “ते कशाला हवंय तुला?” हळूहळू सांगू लागली, वाफेने हात कसे भाजतात, जड चादर दोघींनी मिळून कशी झटकायची. परीक्षेत विषय आला शेजाऱ्यांवर. चिमणीला जेमतेम गुण पडले आणि अगदी शेवटच्या यादीत नाव लागलं.

आता ती नर्स आहे. आई काय करते असं कुणी विचारलं, तर लॉन्ड्रीत आहे म्हणून लगेच सांगते, जरा मोठ्यानेच. आई मात्र तिच्या रुग्णालयात अजून आलेली नाही. चिमणी बोलावत असते. आई म्हणते, “येईन गं, सवड झाली की.”