भोंगा बंद पडला तेव्हा

आमच्या ह्यांना सगळा बाजार 'भोंगा' म्हणतो. भाजीच्या लिलावात बोली पुकारायचं काम, पंचवीस वर्षं झाली. सवय अशी जडलीय की ह्यांनी घरात मीठ मागितलं तर समोरच्या इमारतीतल्या बायका डबा शोधायला लागतात.

तर अशा माणसाचा घसा धरला. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून ह्यांनी उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवल्या. म्हणे, पुढच्या वेळी कामाला येतील! वर लिलाववाल्यांचं शास्त्र वेगळंच: बसलेला घसा ओरडूनच उठवायचा. गेले, आणि चार दिवस कांद्याच्या ढिगाशी उभे राहून बोंबलले.

घशाचं दुखणं उलटलं, आवाज गेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घर कसं शांत! दोन दिवस मी बहिणीशी फोनवर पोटभर बोलले. हे कोपऱ्यात बसून, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं काहीतरी बडबडायचे, कानाकडे बोट दाखवायचे. मी म्हणायचे, "अहो, पुरे झाली नाटकं."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला, तर तोंड बोटभरही उघडेना. लाळ शर्टावर गळत होती, थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. मी मुद्दाम डिवचलं, "काही म्हणा, बोली पुकारावी तर शेजारच्या गाळेवाल्यानंच!"

एरवी छप्पर उडालं असतं. ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मान पुढे काढून श्वास घेत होते आणि श्वासाला घरघर होती. तशीच घरातल्या चपलांवर ह्यांना टॅक्सीत कोंबलं.

दवाखान्यातली घशाची डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. बॅटरी मारून बघितलं, आधीच्या गोळ्यांचं विचारून घेतलं आणि माझ्यावरच तापली. "टॉन्सिलच्या बाजूला पू साठलाय, कानात कळ जाते ती त्यामुळेच. क्वचित होतं असं, पण झालं की श्वासाची वाट बंद होऊ शकते, नाहीतर पू मानेतून छातीत उतरतो. आणि गोळ्या का थांबवल्या?"

"ठेवणीतल्या आहेत," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तिनं सुई घालून पू खेचला. सिरिंज भरली. मग म्हणाली, "काका, काहीतरी बोलून दाखवा."

ह्यांनी सिरिंजकडे बघितलं आणि फाटक्या आवाजात पुकारलं, "एक वार... दोन वार..."

डॉक्टरीण हसत सुटली. मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडले.

चार दिवसांनी घरी आणलं. आता रोज विचारते, "गोळी घेतली का?" आणि हे गरजतात, "घेतली!" परवा शेजारीण तक्रार घेऊन आली, की नातवंडं दचकून उठतात म्हणून. तिला म्हटलं, "कानात कापूस घाल गं बाई. त्या दोन दिवसांची शांतता मी ऐकलीय. पुन्हा नको."