बुजवलेली नळी

मी लष्करी सरावाच्या जुन्या रायफली जमवते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या साडीकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा पुण्याचा. तो लगेच म्हणतो, "डोन्ट वरी, एकही उडत नाही." ते खरंच आहे. माझ्याकडे आहेत त्या शाळा-कॉलेजांतल्या कवायतीच्या बंदुका. बहुतेक नुसत्या लाकडाच्या, खांद्यावर घेऊन मैदानात चालायला शिकवण्यासाठी केलेल्या.

याचं मूळ एका जुन्या रागात आहे. बेळगावात कॉलेजला असताना मी एनसीसीत होते. मुलांना लोखंडी रायफली मिळायच्या आणि आम्हां मुलींना लाकडी. उन्हात आम्हीही तेवढेच तास उभ्या राहायचो, पण खांद्यावर ओंडका. तो राग मी लग्नात, नोकरीत आणि बंगळूरला येतानाही बरोबर आणला. पुढे कधीतरी चिकपेटच्या रविवारच्या बाजारात एका मोडक्या कूलरखाली तसाच ओंडका दिसला. दुकानदार तो सिनेमातली गन म्हणून विकत होता. दस्त्यावर कुणा कंटाळलेल्या मुलाने किंवा मुलीने पिनेने बाण मारलेलं बदाम कोरलं होतं. ते बदाम बघितलं आणि माझा राग निम्मा विरघळला. मी ती उचलली, रिक्षात घालून जे. पी. नगरला आणली, आणि तेव्हापासून रविवारी बाजारात फिरायची सवय लागली ती लागलीच.

बंदूक म्हटली की मारणं आलंच. पण या बंदुकांनी आयुष्यात कुणाला मारलं नाही, माणसांना नुसतं सरळ उभं राहायला शिकवलं. मला त्यांचं हे मुकेपण आवडतं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुळीच आवडत नसे. "वाजत नाही ती बंदूक कसली? काठी म्हण की सरळ," असं ते म्हणायचे.

अप्पांची वाजणारी होती. खानापूरकडच्या आमच्या शेतात रानडुकरं भातात शिरायची, म्हणून त्यांना पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळाला होता. तीनशे पंधरा बोअरची शिकारी रायफल, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. आई गेल्यावर अप्पा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा शेत वाट्याने दिलं, गुरं विकली, पण रायफल रीतसर नोंद बदलून बरोबर आली. काडतुसं मात्र त्यांनी तिकडेच जमा केली. इथे डुकरं कुठली? माझ्या नवऱ्याने एचएसआर लेआउटमधल्या त्याच्या ऑफिसातल्या दोघातिघांची नावं सुचवून पाहिली, तेव्हा अप्पा पोटभर हसले होते.

गोळी सुटायची नाही म्हणून निगा सुटली नव्हती. दर रविवारी न्याहारी झाली की जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं. आईच्या जुन्या नऊवारीच्या चिंध्या, गज, तेलाची बाटली. मागचा सरकता बोल्ट काढायचा आणि गज मागच्या बाजूने घालून तोंडाकडून बाहेर काढायचा, म्हणजे मळ परत आत येत नाही. पहिली चिंधी मळकट निघते, शेवटची पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. शेवटी दस्त्याला अळशीचं तेल, तेही तळहाताने, लाकूड कोमट होईपर्यंत. आणि ठेवताना तोंड खाली. वर ठेवलं तर नळीतलं तेल ओघळून दस्त्यात मुरतं आणि लाकूड नासतं. मी इंजिनिअर असून हे मला माहीत नव्हतं, यावर त्यांनी मला अनेक वर्षं चिडवलं.

मग अप्पांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग दिवस, मग शेजाऱ्यांची नावं. वय झालं की होतंच, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो. एका सकाळी इंटरकॉम वाजला आणि खालचा वॉचमन ओरडला, "अम्मा, मेले नोडी! ताता गन हिडकोंडिद्दारे!" वर बघा, आजोबांनी बंदूक धरलीय. मी गॅलरीत धावले. अप्पा रायफल खांद्याला लावून खाली बघत उभे होते. माझ्याकडे मान न वळवता हळू आवाजात म्हणाले, "गप. भातात शिरलंय."

रायफल रिकामी होती, हे मला ठाऊक होतं. वॉचमनला नव्हतं. तो गाडीमागे लपून बसला होता. मी खाली जाऊन त्याची माफी मागितली, तरी तो लगेच बाहेर आला नाही.

त्या रात्री नवरा एवढंच म्हणाला, "हे आता घरात नको." मलाही पटलं होतं. पण अप्पांना सांगायचं कसं? त्यांचं शेत गेलं, बायको गेली, आता आठवणी निघाल्या होत्या. उरलेली ही एक वस्तू हातातून काढून घ्यायची, तीही "तुमचा भरवसा नाही" असं तोंडावर सांगून, हे माझ्याने होईना. शेवटी मी थाप मारली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात. अप्पांनी आयुष्यभर केल्या होत्या, त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता. म्हणून मी म्हणाले, "अप्पा, इलेक्शन लागलंय. रायफल जमा करायचीय."

"कसलं इलेक्शन?"

"महानगरपालिकेचं."

बंगळूरची ही निवडणूक इतकी वर्षं लांबली आहे की थाप मारायची तर हिच्याइतकी टिकाऊ दुसरी सापडली नसती. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, परवाना खिशात घेतला आणि स्वतः रायफल घेऊन माझ्याबरोबर शस्त्रांच्या दुकानात आले. दुकानदार जुना, अदबीचा माणूस. "कूतकोळ्ळी सर," म्हणून त्याने खुर्ची पुढे केली. अप्पांनी बोल्ट उघडून त्याला काडतुसाचं रिकामं घर दाखवलं, "तोंड खाली ठेवा," असं दोनदा बजावलं आणि माझा हात धरून पायऱ्या उतरले.

त्यानंतरचा रविवार वाईट गेला. वर्तमानपत्र पसरलं गेलं, चिंध्या आल्या, गज आला आणि अप्पा त्या सगळ्यापुढे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. "निकाल कधी?" असं विचारत राहिले. त्यांच्याकडे बघवेना. मी आतून माझ्याकडची एकुलती एक लोखंडी रायफल आणली. मल्लेश्वरममधलं घर आवरून मुलाकडे निघालेल्या एका निवृत्त लष्करी गृहस्थांनी ती मला कागदपत्रांसकट दिली होती. कवायतीसाठीच निकामी केलेली, काडतुसावर आपटणारी आतली सुई कापलेली, नळी वितळलेल्या लोखंडाने बुजवलेली. पण घडण तीच, वजनही जवळपास तेवढंच, कारण अप्पांची शिकारी रायफल मुळात याच लष्करी नमुन्यावर बेतलेली. ती कुणाची हे न सांगता मी ती त्यांच्यापुढे ठेवली. अप्पांनी ती मांडीवर घेतली, बोल्ट काढला, गजाला चिंधी लावली आणि आत सरकवली.

गज थोडा आत जाऊन अडला.

मी माझ्या बंदुका बाहेरूनच पुसते, नळीत गज घालायची वेळच कधी येत नाही, म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. अप्पांनी गज काढला, तोंडाकडून घालून पाहिला. पुन्हा अडला. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अक्का, नळीत काहीतरी अडकलंय. गंज असेल. सुटेल की, स्वल्प वेळ लागेल."

मी थोरली, म्हणून अप्पांसकट सगळं घर मला अक्काच म्हणतं.

तेव्हापासून आमचे रविवार त्या नळीत गेले. अप्पा तेलाचे थेंब सोडायचे, वाट बघायचे, गज फिरवायचे. मी समोर बसून चिंध्या कापून द्यायचे. त्या वेळात ते पुष्कळ बोलायचे. आईला पहिल्यांदा रायफल दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, "हिला घरात आणताय, मग मी माहेरी जाते." दुष्काळात डुकरंसुद्धा वाळली होती आणि एकाला मारताना त्यांना लाज वाटली होती, हेही मला तेव्हाच कळलं. मला ते रविवार हवेसे वाटायला लागले होते आणि मनाला खातही होते. जी नळी जन्मात मोकळी होणार नाही तिच्याशी म्हाताऱ्या बापाला झगडायला लावून मी समोर बसते, हे काही चांगल्या लेकीचं लक्षण नव्हे. दर आठवड्याला ठरवायचे की आज सांगून टाकू, आणि दर आठवड्याला चिंध्या कापायचे.

शेवटी गेल्या आषाढातल्या एका रविवारी धीर केला. अप्पा त्या दिवशी चांगले होते. तारीख बरोबर सांगितली होती, माझ्या उपम्याला नावंही ठेवली होती. मी म्हणाले, "अप्पा, ती नळी सुटायची नाही. ती बुजवलेलीच आहे. ही रायफल तुमची नाही, माझी आहे."

"ठाऊक आहे की," अप्पा म्हणाले. गज फिरवायचं थांबवलं नाही.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. गंजावर गज अडला तर थोडा खरखरतो. हा टणकन वाजला."

"आणि इलेक्शन?"

आता मात्र ते हसले. "चौकात एक पोस्टर नाही, एक भोंगा नाही. एवढं शहाणं इलेक्शन तू कधी बघितलंस?"

मला एकदम संताप आला. इतके महिने मी झुरत होते आणि हे आतल्या आत मजा बघत होते. "मग गज कशाला घालत बसता?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू समोर बसतेस म्हणून. नाहीतर रविवारी तू कुठं सापडतेस घरात? चिकपेटला भंगार हुंगत फिरतेस."

त्यांना इतकं सगळं कळतंय तर मी उगाच त्यांची रायफल घराबाहेर काढली, असं वाटून मी म्हणाले, "मग तुमची परत आणू या. उद्याच जाऊ दुकानात."

अप्पांनी गज खाली ठेवला. तेलाची बोटं चिंधीला पुसली, एकेक करून, सावकाश.

"नको," ते म्हणाले. "त्या दिवशी खाली तो वॉचमन उभा होता न्हवं? सगळे म्हणतात, मी म्हातारा झालोय, गंमत केली. गंमत नव्हती, अक्का. मला तो माणूस दिसलाच नाही. मला डुक्कर दिसलं, सुळ्यासकट. मी चापावर बोट ठेवून नीट नेम धरला होता." त्यांनी चिंधी बाजूला ठेवली. "उद्या तिथं तू उभी असलीस तर?"

मी रडले. त्यांच्यासमोरच रडले, तोंडही झाकलं नाही. अप्पांनी मला गप्प केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. हात तेलाचे आहेत म्हणाले. मग त्यांनी बोल्ट परत बसवला, रायफल उचलून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "हिलाही आत कुलपात ठेव. मला किल्ली दाखवू नकोस."