पाशीला पाणी नाही

आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले त्या हंगामात दुकानासमोरून माणसांची नुसती ये-जा चालू होती. कुणी म्हणे दाखला आता नव्या कचेरीत मिळतो, कुणी म्हणे जुन्याच. बाजारहत्नूरच्या रस्त्यावरचं आमचं वेल्डिंगचं दुकान जुन्याच जिल्ह्यात राहिलं, पण मालक बदलला. बाबांची नजर उणावली होती. ते बाकावर बसू लागले आणि काळ्या काचेमागे मी उभी राहिले.

मी वाचायला शिकले ती कामगार संघटनेच्या पत्रकांवर. बाबांचे मित्र त्यांचे गठ्ठे दुकानात ठेवून जात. काम करणाऱ्याला आपलं काम कळत असेल तर त्यानं चुकीच्या गोष्टीला मान डोलावू नये, हे मी तिथूनच घेतलं. गिऱ्हाइकांना मात्र एवढंच बघायचं होतं, की पोरीच्या हातचं काम शेतात टिकतं का. नाही टिकलं, तर दुकानाला कुलूप.

एकदा शेजारच्या गावचे एक मामा वखराची पास, म्हणजे माती कापणारं लोखंडी पातं, घेऊन आले. मातीनं झिजून ती निम्मीच उरली होती. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या कमानपट्ट्याचा तुकडा कापून मी तिला नवी धार जोडली. जोड अजून लाल होता; तापलेली पास पाण्यात बुडवून कडक करायची, म्हणजे पाणी पाजायची, जुनी रीत मामांना ठाऊक होती.

“पानी पाज लवकर. मले कचेरीत जा लागते.”

“हिले पानी नाई, मामा. राखेत हळूहळू थंडी होऊ द्या. उद्या न्या.”

“काऊन? तुह्या आज्यानं पाजलं, बापानं पाजलं. तू काय कलेक्टर हायेस, नवा कायदा काढाले?”

“आजा आन बाबा अख्खी पास भट्टीत ठोकून काढत. हा वेल्डिंगचा जोड हाये. पानी लागलं का तडकते.”

मी मशीन बंद करायला वळले. तेवढ्यात मामांनी सांडशीनं पास उचलली आणि पाण्याच्या पिंपात बुडवली. चर्र झालं आणि त्यामागून एक बारीक टिक्. बाहेर काढली तर जोडालगत केसाएवढी रेघ.

“तुहा जोडच कच्चा,” मामा म्हणाले.

बाकावरची माणसं माझ्याकडे बघू लागली. बाबांनीही तोंड माझ्याकडेच वळवलं. त्याचा मला तेव्हा राग आला. उत्तर मीच द्यायचं होतं, हे आज कळतं.

मी कामालाच लागले. रेघ ग्राइंडरनं पूर्ण खरवडली, पास भट्टीत तापवली, पुन्हा जोड भरला आणि राखेच्या डब्यात पुरली. मग पाण्याचं पिंप ओढत नेलं आणि रस्त्यावर उलटं केलं.

“आन आज मी वखर कायनं चालवू?”

“आज तं तुमी कचेरीत जाऊन राह्यले होते ना.”

बाक हसला. मामा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पास घेऊन गेले. आठवडाभर माझं लक्ष रस्त्याकडेच होतं. मग एका सकाळी ते पुन्हा आले. खांद्यावर दुसरी पास होती, त्यांच्या साळ्याची. दुकानात एक अनोळखी शेतकरी पिंप शोधत होता.

“पानी कुठं हाये?” त्यानं मला विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच मामा बाकावर टेकत म्हणाले, “पानी नाई भेटत इथं. राख हाये. बस गपचूप.”