पाठ टेकली तरी कुस्ती संपेना

गड्यांनो, आमचा दादा पुण्यात ज्या कंपनीत गेम बनवतो, तिचा कुस्तीचा गेम आज आला. सत्तरच्या दशकातलं सांगलीचं मैदान, लाल माती, हलगी. लय भारी!

पण समोरच्या पैलवानाची पाठ टेकली तरी पंच निकालच देईना. तो बिचारा परत उठून उभा.

दादाला फोन लावला. "आधी खेळून बघितला न्हाईस व्हय?"

"बघितला की," तो जांभई देत म्हणाला.

"हायस कुठं?"

"घरी." मागं मात्र कीबोर्डांचा खडखडाट.

कंपनी म्हणते, रविवारी चूक दुरुस्त करतो. दादा म्हणतो, रविवारी गावच्या यात्रेला नक्की येतो.

यातलं खोटं कोण बोलतंय? आईनं तर त्याला धरूनच मटण सांगितलंय.