साडभावाचं पाच रुपयांचं नाणं

मी अकोल्याचा, आणि नाण्यांचा नाद पोरवयापासूनचा. जठारपेठेतले किराणावाले मला पाहिलं की गल्ला पुढं सरकवतात, चाळा म्हणतात काय चाळायचं ते. इतकी वर्षं चाळलं, पण टाकसाळीत चुकलेलं एक नाणं नशिबी नाही. आणि माझा साडभाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा, ज्याला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला अमरावतीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेताना सुट्ट्यात ते मिळालं! दात नाहीत त्यालाच देव चणे देतो.

फोटो पाहिला अन् माझ्या पोटात दुखायला लागलं. पिवळं पाच रुपयांचं नाणं, दोन्ही बाजूंना सिंह. एका बाजूचे उठावाचे, दुसऱ्या बाजूचे खोल आणि उलटे. खरं-खोटं तुमीच सांगा, म्हणाला. रविवारी एसटी धरली. रस्ताभर देवाकडं एकच मागणं, खोटं निघू दे बाप्पा.

पाहतो तर मेहुणीनं दिवाळीला ते देव्हाऱ्यातल्या पितळी देवांसोबत चिंचेनं घासून काढलेलं. मूळची झळाळी गेली, ओरखडे पडले. तिच्यावर चिडायला पाहिजे होतं, पण मला बरंच वाटलं. असल्या नाण्याला खोटं म्हटलं तर वाद कोण घालणार होतं?

भिंग लावलं. लबाडी करणारे दोन नाणी एकमेकांवर दाबतात, मग पालथी बाजू चपटी होते. खरी चूक वेगळी. आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहतं आणि पुढच्यावर त्याचा उलटा छाप बसतो, दुसरी बाजू मात्र नीट उठते. इथं चिंचेला पुरून उरलेलं अक्षर न् अक्षर ठसठशीत होतं. वजनही बरोबर. मेलं अस्सल होतं.

"खरं आहे," मी म्हणालो.

त्यानं नाणं उलटंपालटं केलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "मंग तुमीच घेऊन जा. मले काय समजते त्यातलं?"

विकलं तर चांगली किंमत येईल, हेही सांगून पाहिलं. तो नुसता हसला आणि चहा ठेवायला सांगायला आत गेला. असा राग आला म्हणता! जरा मिरवला असता, भाव खाल्ला असता, तर मला निवांत जळता तरी आलं असतं. नको म्हणायला पाहिजे होतं. घेतलं.

आता ते माझ्या अल्बममध्ये सगळ्यात पुढं आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्यावरच बोट ठेवतो, कुठं सापडलं विचारतो. आणि दर वेळी मला सांगावं लागतं, मला नाही सापडलं, साडभावानं दिलं.