समोरचं काउंटर

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, "काय करता?" की हे छाती फुगवून सांगायचे, "आमची कंपनी फोन बनवते." आमची कंपनी म्हणे! त्या कंपनीचा मालक गोरा की सावळा हेसुद्धा ह्यांना ठाऊक नव्हतं. हे होते दुकानातले काउंटरवाले. मोठं दोन मजली दुकान, पंख्यापासून टीव्हीपर्यंत सगळं मिळणारं. दारातून शिरलं की डावीकडे निळ्या कंपनीचं काउंटर, समोर उजवीकडे लाल कंपनीचं. दोन्ही कंपन्या आपापल्या रंगाचा शर्ट घालून आपापला माणूस उभा करायच्या. हे निळे.

पण खोटं कशाला बोलू, माणूस कामाला पक्का होता. लाल फोन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक निळा घेऊन जायचं. फोन आधी हातात द्यायचा आणि किंमत मग सांगायची, ही ह्यांची रीत. घरातही तेच वेड. माझ्या भावाने मला लाल कंपनीचे कानातले हेडफोन दिले, तर ह्यांनी ते माळ्यावर टाकले. मी भांड भांड भांडले, पण ते काही खाली आले नाहीत.

धाकटे भावोजी तेव्हा घरीच बसून होते आणि सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता. लाल काउंटरची जागा रिकामी झाली तेव्हा ह्यांनीच शब्द टाकला.

"आता लाल रंग चालतो वाटतं?" मी टोमणा मारला.

"अगं, पोटापाण्याचं बघायचं की रंगाचं?" हे म्हणाले. तेव्हा म्हणाले हो असं!

भावोजींना ह्यांनी आमच्या स्वयंपाकघरातच तयार केलं. मी भाजी चिरता चिरता गिऱ्हाईक व्हायचं, आणि भावोजींनी मला फोन विकायचा. हे मध्येच टोकायचे, "हसताना दात कमी दाखव. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. कंपन्या खोटी गिऱ्हाइकं पाठवतात. अगदी साध्या माणसासारखी येतात, गोड बोलतात आणि विचारतात, 'खरं सांगा, दोन्हींतला कुठला घेऊ?' समोरच्याबद्दल एक चांगला शब्द तोंडातून गेला, की शर्ट उतरवून घरी. म्हणून कुणीही येऊ दे, पाठ केलेलं तेच म्हणायचं. घरचं माणूस आलं तरी 'सर' म्हणायचं."

"हो सर!" भावोजी म्हणाले, आणि सासूबाईंसकट आम्ही सगळे खो खो हसलो.

सुरुवातीचे दिवस सोन्यासारखे होते. मी दोघांना मिळून एकच मोठा डबा द्यायचे. दुकानाच्या मागच्या जिन्यावर बसून निळा आणि लाल एकाच डब्यातून जेवायचे. मग वर कंपन्यांचं जुंपलं. निळ्यांनी दुमडणारा फोन काढला, की लाल्यांनी त्याहून पातळ काढायचा. लाल्यांनी घड्याळ फुकट दिलं, की निळ्यांनी स्पीकर. कुणाच्या तरी काचेच्या ऑफिसात ठरायचं आणि इथे आमच्या घरात भांडी आपटायची. ह्यांच्या साहेबाने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "शत्रूबरोबर एका डब्यात जेवता?" दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी वेगळा डबा मागितला.

सुट्ट्यांच्या हंगामात लाल काउंटरचा खप वर गेला. ह्यांना चारचौघांत झाडलं. घरी येऊन हे भावोजींवर धावून गेले, "माझी गिऱ्हाइकं पळवतोस? माझ्याकडूनच शिकून?"

"दादा, कामच ते आहे. मी काय करू?"

झालं, बोलणं बंद. एका छपराखाली राहून दोन भाऊ म्हाताऱ्या आईच्या तोंडून मीठ मागायला लागले. मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटायची, पण धाकट्याची चूक काय हे मला काही सापडेना.

मग कुणकुण लागली, खप वाढला नाही तर आमच्या दुकानातलं निळं काउंटर बंद करणार. हे जेवेनात, धड झोपेनात. भावोजी सगळं बघत होते. एका दुपारी त्यांच्या काउंटरवर एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले. म्हणाले, "बाबा रे, मला नीट दिसत नाही. खरं सांग, दोन्हींतला कुठला घेऊ?" भावोजींनी समोर पाहिलं. हे रिकाम्या काउंटरवर फडकं फिरवत उभे होते.

"काका, खरं सांगू? तुमच्यासाठी समोरचा बरा. अक्षरं ठसठशीत दिसतात. तिथे माझा भाऊच आहे, तो नीट समजावून देईल."

काका समोर गेलेच नाहीत. थेट दारातून बाहेर पडले. संध्याकाळी भावोजींचा शर्ट उतरवून घेतला.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं, शब्द न् शब्द. ते मला ह्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "गाढव आहे. इतकं शिकवलं होतं."

"अहो, तुमच्यासाठी केलं त्यांनी!" मी ओरडले. सासूबाई काकुळतीला आल्या, "जा रे, त्याच्या पाठीवर हात ठेव." पलीकडच्या खोलीत तर जायचं होतं. हे म्हणाले, "उद्या बघू." सकाळी भावोजी बॅग घेऊन दुसऱ्या गावी निघून गेले. आईचा फोन घ्यायचे, ह्यांचा नाही.

पुढच्याच वर्षी दुकानातल्या झाडून सगळ्या टीव्हींवर एकच चित्र आलं. निळ्यांचा मालक आणि लाल्यांचा मालक हातात हात घालून हसतायत. आता म्हणे दोघं मिळून फोन काढणार. दोन्ही काउंटरं जोडून एक केलं आणि तिथे जांभळ्या शर्टातली एक मुलगी उभी राहिली. ह्यांना शर्ट परत करायला ठेकेदाराकडे पाठवलं. पगार नेहमी त्या ठेकेदाराकडूनच यायचा, पण ह्यांनी ते ऑफिस कधी पाहिलं नव्हतं. तिथे एकच कपाट. वरच्या फळीवर निळे शर्ट, खालच्या फळीवर लाल. कारकून मान वर न करता म्हणाला, "लाल की निळा?"

हे घरी येऊन मला ते सांगता सांगता हसायला लागले. ते हसणं मला बघवेना. मग म्हणाले, "त्याच्याकडे जाऊन येऊ." मी एक मोठा डबा भरला, दोघांना पुरेल असा.

भावोजी तिथेही दुकानातच होते. हिरवा शर्ट, कपडे धुण्याच्या मशीनचं काउंटर. बारीक झाले होते. हे समोर जाऊन उभे राहिले. वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. शेवटी जुनी थट्टा करायला गेले, "काय हो, खरं सांगा, कुठलं मशीन घेऊ?"

भावोजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डब्याकडेही पाहिलं. मग हसले, दात कमी दाखवून.

"सर, आमच्याच कंपनीचं. दुसरं बघूच नका." आणि पाणी किती लागतं, वीज किती वाचते, आवाज कसा होत नाही, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. हे हात बांधून ऐकत राहिले.

"अरे, मी आहे," हे म्हणाले.

"हो सर," भावोजी म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "एक शब्द चुकला नाही त्याचा." कप्पाळ!

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. आम्हाला बघून धडपडत उठल्या आणि ह्यांचा हात धरून विचारलं, "जेवलात ना रे दोघं?" भरलेला डबा माझ्या हातात तसाच होता.