आजीच्या हातची चटणी

काकाच्या नवी पेठेतल्या दुकानातलं शेंगाचटणीचं पाकीट फोडलं आणि डोकंच फिरलं. लसणाचा वास तोच, पण बोटांना तेल म्हणून लागेना.

हा धंदा आजीने उभा केला, उखळावर. काकाने पहिल्यांदा मिक्सर आणला, त्या दुपारी तिने त्यातली चटणी मुठीत दाबली. गोळा वळलाच नाही, सगळी भुरभुर सांडली.

"हे पीठ हाय, चटणी न्हाय," म्हणत तिने हात झटकला, दारातलं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि पुन्हा कुटायला बसली. काका चरफडला. मलाही तो म्हातारीचा हट्टच वाटला.

आता पाकिटावर तिचा फोटो आहे, खाली ठळक अक्षरांत ‘आजीच्या हातची’. या चटणीला तिचा हात एकदाच लागला होता, झटकण्यापुरता.